स्टार्टरमधली चिप बोलेना: प्रोग्रॅमर बदलू की डोकं?

केळीपट्टा · १२ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातून लिहितोय. केळीची शेती आहे आणि सोल्डरिंगचं वेडही आहे. दोन्ही वडिलांकडून आलं. ते रेडिओ खोलायचे, मी स्टार्टर खोलतो.

दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या मोटरला घरीच मोबाईल ऑटो, म्हणजे मोबाईलवरून मोटर चालवणारा डबा, केला. थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला उठून बटण दाबायला शेतात जायचं, त्यात वाटेत साप-किरडू, म्हणून हा उद्योग. आत एटीमेगा ३२८पी ही प्रोग्रॅम चालवणारी चिप, मेसेजसाठी सिम८००एलचं मोड्यूल, तिन्ही फेज बघायला तीन ऑप्टोकपलर आणि कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायला एक रिले. फेज गेला की मोटर बंद, लाइट आली की मेसेज. एक माझा, एक चुलतभावाचा, दोन शेजाऱ्यांचे, असे चार डबे चालू आहेत.

हिवाळाभर झकास चालले. एप्रिल लागला आणि दुपारी एकनंतर मेसेज यायचे बंद, संध्याकाळी सहाला आपोआप पुन्हा चालू. स्टार्टरचा पत्र्याचा डबा दुपारी हात लावू देत नाही इतका तापतो. कुणीतरी सांगितलं की चिप आतल्या घड्याळावर चालतेय, तापली की घड्याळ चुकतं, बाहेरून क्रिस्टल लाव. पटलं. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर लावले, यूएसबीएएसपी हा प्रोग्रॅमर (चिपमध्ये लिहायचं यंत्र) जोडून फ्यूज, म्हणजे चिपच्या आतले सेटिंगचे बिट, बदलले. झालं! त्यानंतर चिप हूं की चूं करत नाही. दुसरी घेतली, तीच गत. तिसरी पण गेली. दर वेळी एकच उत्तर: "प्रोग्रॅम एनेबल: टार्गेट डझन्ट आन्सर".

प्रोग्रॅमर खराब असेल म्हणून दुसरा मागवला. तोही तेच म्हणतो. आता ते चाळीस पायांचं झिफ सॉकेटवालं (खटका दाबून चिप पकडणारं) मोठं यंत्र घ्यावं असं मनात आहे. कोणता प्रोग्रॅमर घेऊ, कुणी सांगेल का? मृगबागेचे घड भरताहेत, मे महिन्यात एक पाणी चुकलं तर काय होतं ते इथल्यांना सांगायला नको.

सरळमार्गी · १२ मे, रात्री ११:४१

बाजारात तयार ऑटो मिळतो, वॉरंटीसकट. इतकी खटपट कशाला? घड सांभाळा.

अंतिम_वर्ष · १३ मे, सकाळी ७:०५

दादा, मी शिरपूरला शिकतो. नवं काही घेऊ नका. अर्डुइनो उनो असेल तर त्यातच उदाहरणांमध्ये 'अर्डुइनो आयएसपी' नावाचं स्केच असतं. ते उनोत टाकलं की उनोच प्रोग्रॅमर होतो. फक्त त्यानंतर उनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर दर वेळी उनो स्वतःच रिसेट होऊन बसतो. आमच्या लॅबमध्ये सगळे असंच करतात, कारण लॅबचा प्रोग्रॅमर कपाटात आणि कपाटाची किल्ली सरांकडे.

केळीपट्टा · १३ मे, दुपारी १२:५०

केलं. कपॅसिटरसकट. चिपची सही (आतला ओळखक्रमांक) ०० ०० ०० अशी येते. म्हणजे तीन प्रोग्रॅमर झाले आणि तिघांचं एकमत आहे.

खालच्या लिंबाच्या सावलीत बसून लिहितोय. घरात लाइट नाही.

तारमास्तर · १३ मे, दुपारी ४:३०

केळीपट्टा, तिघांचं एकमत असेल तर पंच बदलून काय उपयोग? तीन चिपांमध्ये सारखं काय होतं ते शोधा.

मी भुसावळचा. नोकरी रेल्वेत झाली, आता निवृत्त. आमच्या वेळी 'चिप बर्न करणे' हा शब्द अगदी शब्दशः खरा वाटायचा. २७१६ नावाचा ईप्रॉम होता, दोन किलोबाइटचा. तो लिहायला २५ व्होल्ट लागायचे, पुसायला अतिनील दिवा. पाठीवर काचेची खिडकी, त्यातून दिव्याचा उजेड आत. दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं. खिडकीवर कागदी चिकटपट्टी लावायची, नाहीतर उन्हाने पुसलं जायचं. छापील माहितीपत्रकातच लिहिलेलं असायचं, थेट उन्हात साधारण आठवडाभरात पुसलं जाईल. आम्ही म्हणायचो, हे लिहिणाऱ्याने भुसावळचं ऊन पाहिलेलं नाही.

मुद्दा असा की तेव्हा चिप काढा, दिव्याखाली ठेवा, प्रोग्रॅमरमध्ये खोचा, लिहा, परत बसवा. एक चूक दुरुस्त करायला अर्धा तास, म्हणून लिहिण्याआधी माणूस चारदा वाचायचा. आता दोन सेकंदांत लिहिलं जातं, म्हणून कुणी वाचत नाही. राग मानू नका, मीही वाचत नाही.

तर आता नीट सांगा. फ्यूज बदलताना पडद्यावर नेमक्या कुठल्या चौकटीत टिक केली? आठवून नको, कागदावर लिहिलं असेल तर तेच.

केळीपट्टा · १३ मे, रात्री ९:१५

काका, कागदावर आहे, वहीच ठेवलीय. माहितीपत्रकातल्या तक्त्यात बाहेरच्या क्रिस्टलसाठी सीकेसेल, म्हणजे घड्याळ निवडायचे चार बिट, चारही १ दिलेत. म्हणून चारही चौकटींत टिक केली. 'आठने भागा' या चौकटीतली टिक काढली, कारण मला पूर्ण वेग हवा होता. बाकी कशाला हात लावला नाही.

तिसऱ्या चिपच्या वेळी मात्र वैतागून हाय फ्यूज या दुसऱ्या गटातही एक-दोन टिका मारून पाहिल्या. कुठल्या ते लिहायचं राहिलं.

बोरीकाठचा · १३ मे, रात्री १०:०२

भाऊ, तुन्ही चिप मरेल नही, जपेल शे. मना बी आसंच व्हयेल व्हतं, तीन दिन डोकं धरीसन बठेल व्हतू. नववी पिनले बाहेरथून घड्याय दे, जागी व्हई जाई.

(म्हणजे चिप मेली नाही, झोपलीय. अमळनेरला असलो की हात आपोआप अहिराणीत लिहितो. सविस्तर पांझराकाठ ताई सांगतील, त्यांचा पोटापाण्याचा धंदाच हा आहे.)

पांझराकाठ · १४ मे, सकाळी ८:२०

बोरीकाठचा, सकाळी सकाळी कामाला लावलंत. मी मूळची धुळ्याची, सध्या पुण्यात फर्मवेअरचं, म्हणजे चिपमध्ये भरायच्या प्रोग्रॅमचं, काम करते.

केळीपट्टा, वही ठेवलीत म्हणून दोन मिनिटांत सापडलं. एव्हीआरच्या (एटीमेगा ज्या कुळातली त्या चिपांच्या) फ्यूजमध्ये टिक म्हणजे ० आणि रिकामी चौकट म्हणजे १. न लिहिलेला बिट १ असतो आणि 'प्रोग्रॅम केला' याचा अर्थ तो ० केला. ही जुनी रीत आहे, काकांच्या ईप्रॉमलाही हीच होती. पुसलं की सगळे १, लिहिलं की ०.

तुम्ही चार टिका मारून सीकेसेल ०००० केलंत. त्याचा अर्थ 'बाहेरून तयार घड्याळाची लाट मिळेल, मी तिची वाट बघते'. क्रिस्टल स्वतः डोलत नाही, त्याला डोलवायला चिपच्या आत एक अँप्लिफायर असतो. ०००० ला तो अँप्लिफायरच बंद. म्हणजे क्रिस्टल मुका आणि चिप घड्याळाची वाट बघत बसलेली. लो फ्यूज (घड्याळाच्या सेटिंगचे आठ बिट) हेक्स आकड्यात कारखान्यातून ६२ येतो, तुमचा झाला ई०, हवा होता एफएफ. एफएफ म्हणजे आठही चौकटी रिकाम्या, एकही टिक नाही. 'आठने भागा'ची टिक काढलीत ते बरोबर, आणि गोंधळही त्यामुळेच. एका ठिकाणी टिक काढून हवं ते मिळालं, म्हणून दुसऱ्या ठिकाणी टिक करून मिळेल असं वाटणं साहजिक आहे.

आता प्रोग्रॅमरचा काय दोष ते बघू. यूएसबीएएसपी हे फार साधं यंत्र आहे. जर्मनीच्या थॉमस फिश्ल यांनी नकाशा आणि फर्मवेअर दोन्ही खुले ठेवले, म्हणून आज तीनशेच्या आत कुठेही मिळतो. यूएसबीची वेगळी चिपसुद्धा त्यात नाही. एक एटीमेगा८, एक १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, आणि यूएसबीची सगळी भाषा फर्मवेअरमधून बोलायची. तो करतो इतकंच: टार्गेटचा, म्हणजे जिच्यात लिहायचं त्या चिपचा, रिसेट खाली धरतो, मग मोसी, मिसो आणि एससीके या तीन तारांवर 'लिहायला तयार हो' असा निरोप पाठवतो. निरोप वाचून उत्तर द्यायचं काम टार्गेटच्या आतलंच सर्किट करतं, फ्लॅशमध्ये प्रत्यक्ष लिहितंही तेच. आणि ते सर्किट चालायला टार्गेटचं घड्याळ चालू असावं लागतं. तुमचं घड्याळ बंद, म्हणून उत्तर नाही. पाच हजारांचं यंत्र त्याच तीन तारांवर त्याच चिपशी बोलायला गेलं असतं तरी त्यालाही उत्तर आलं नसतं.

उठवायचं असं. उनो आहे ना? त्यातला टायमर १ सीटीसी मोडमध्ये, तुलनेच्या रजिस्टरात ७, पिन ९ टॉगल. १६ भागिले १६, म्हणजे १ मेगाहर्ट्झची लाट पिन ९ वर मिळेल. ती झोपलेल्या चिपच्या नवव्या पायावर द्या, ग्राउंड एकत्र करा, क्रिस्टल तात्पुरता काढा. यूएसबीएएसपीवरचा तिसरा जम्पर लावा, म्हणजे तो हळू बोलेल. मग आधी फक्त सही वाचा. १ई ९५ ०एफ आली की लो फ्यूज एफएफ लिहा, उनोची तार काढा, क्रिस्टल परत लावा.

हाय फ्यूजमध्ये काय टिकलंत ते आठवा. त्यात एक बिट असा आहे की तो लागला तर ही युक्ती चालणार नाही.

केळीपट्टा · १४ मे, सकाळी ८:४८

ताई, वहीत मी माझ्या अक्षरात 'टिक = १' असं मोठं लिहून ठेवलंय, खाली दोन रेघा. बायकोला दाखवलं, ती हसतेय.

आज शेतात मजूर आहेत. रात्री करतो.

मिरचीवाला_नंदुरबार · १४ मे, दुपारी २:१०

विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्याकडे एका कंपनीचे पंपाचे दोन पॅनल आहेत. एकावर वीज पडली, आतली चिप गेली. चिप पिक१६एफ मालिकेतली आहे. त्या चिपांचा प्रोग्रॅमर पिकिट३, त्याची नक्कल आणलीय. चांगल्या पॅनलमधून प्रोग्रॅम वाचून नव्या चिपमध्ये टाकता येईल का? कंपनीने नवं कार्ड घ्या म्हणून सांगितलं, किंमत ऐकून मिरची लागली.

सरळमार्गी · १४ मे, दुपारी २:३३

ही सरळ चोरी आहे.

बोरीकाठचा · १४ मे, दुपारी २:५०

पॅनल त्याने विकत घेतलंय ना? स्वतःच्या बैलाला स्वतः नाल ठोकली तर चोरी?

सरळमार्गी · १४ मे, दुपारी ३:०१

बैल विकत घेतला, बैलाची अक्कल नाही.

तारमास्तर · १४ मे, दुपारी ४:४०

हे छान आहे, पण वाद दुसऱ्या धाग्यावर घाला.

मिरचीवाला, पिकिट एमसीएलआरच्या, म्हणजे रिसेटच्या, पायावर साधारण १२-१३ व्होल्ट देतो आणि पीजीसी, पीजीडी या दोन तारांवर बोलतो. जोडून वाचायला हरकत नाही, पण कंपनी शहाणी असेल तर कोड प्रोटेक्ट लावलेलं असणार. मग वाचलेल्या फाइलमध्ये नुसती शून्यं येतील. तुम्हाला वाटेल प्रोग्रॅमर नकली आहे म्हणून शून्यं येतात. तसं नाही, कुलूप आहे. आणि घाईघाईत 'इरेज'वर बोट गेलं तर चांगलं पॅनलही रिकामं होईल. एकुलतं एक चालू पॅनल प्रयोगाला घेऊ नका. वीज पडल्यावर बहुधा चिपच्या आधी पुरवठ्याचा भाग जातो. चिपला ५ व्होल्ट येतात का ते मीटरने पाहिलंत का?

मिरचीवाला_नंदुरबार · १४ मे, सायंकाळी ७:२५

काका, पाहिलं. ५ व्होल्टच्या जागी ०.७ येतात. रेग्युलेटर गेलाय. चिपला अजून हात लावत नाही.

गोलाणीकर · १५ मे, सकाळी १०:१०

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून घुसतो. जळगावच्या गोलाणी मार्केटला बाक टाकून दुरुस्ती करतो, रोज दोन-चार ऑटो आणि पॅनल येतात.

स्टार्टरमधलं कार्ड मेनला लावलेलं असताना प्रोग्रॅमर लॅपटॉपला जोडू नका. कधीच. स्वस्त कार्डात ट्रान्सफॉर्मर नसतो. एक मोठा पिवळा कपॅसिटर आणि रेझिस्टर लावून थेट फेजवरून ५ व्होल्ट काढलेले असतात. त्या कार्डाचं ग्राउंड म्हणजे ग्राउंड नाही, फेज पण असू शकतो. गेल्या वर्षी एक पोरगा असंच जोडून बसला. प्रोग्रॅमर गेला, लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, पोरगा खुर्चीसकट मागे पडला म्हणून वाचला. लॅपटॉप बापाचा होता, ते वेगळंच.

दुसरं, चिप कार्डातच ठेवून लिहायची असेल तर १७, १८, १९ नंबरच्या पायांवर काय लटकलंय ते बघा. १९ वर एलईडी किंवा ट्रान्झिस्टर असला की तो एससीकेला खाली ओढतो, मग कधी लागतं कधी नाही. आणि यूएसबीएएसपीच्या ५ व्होल्टवर जीएसएम मोड्यूल चालवू नका, ते टॉवर शोधताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. मी सरळ चिप काढून पाट्यावर लिहितो. पाटा म्हणजे झिरो पीसीबीवर २८ पायांचा सॉकेट, दहा पायांचा हेडर, क्रिस्टल, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि रिसेटला १० किलोओहम. सगळं मिळून शंभरात. मोठं यंत्र घ्यायचं तर ईप्रॉम, बायॉस, नाना तऱ्हेच्या आयसी येत असतील तर घ्या. चार एटीमेगासाठी नको.

केळीपट्टा · १५ मे, रात्री ११:५५

मंडळी, सविस्तर लिहितो.

पहिली चिप: उनोची तार नवव्या पायावर दिली, तिसरा जम्पर लावायला गेलो तर माझ्या यूएसबीएएसपीवर पिनाच नाहीत, नुसती दोन भोकं. सोल्डरचा थेंब टाकून जोडली. कमांड दिली आणि १ई ९५ ०एफ! खरं सांगतो, पोराचा दहावीचा निकाल लागला तेव्हा इतका ओरडलो नव्हतो. एफएफ लिहिला, क्रिस्टल लावला, प्रोग्रॅम टाकला. चालू.

मधे एक इशारा येतो, "कॅनॉट सेट एससीके पीरियड, प्लीज चेक फॉर यूएसबीएएसपी फर्मवेअर अपडेट". पण काम होतं. यावर काही करायचं का?

दुसरी चिप: जागी झाली, पण सही आली १ई ९५ १४. सॉफ्टवेअर म्हणतं ही तुमची चिप नव्हे. अंगावर छापलेलं नीट बघितलं तर ३२८ आहे, पुढे पी नाही. दुकानदाराने पी म्हणून दिली आणि मी भिंग न लावता घेतली.

तिसरी: काही नाही. तार दिली, जम्पर लावला, वायर बदलल्या. ढिम्म.

पांझराकाठ · १६ मे, सकाळी ९:०५

अभिनंदन. ओरडा रास्त होता.

तो इशारा निरुपद्रवी आहे. नकली यूएसबीएएसपीत जुनं फर्मवेअर असतं, त्याला वेग बदलायची आज्ञा कळत नाही, म्हणून तो आपल्या ठरलेल्या ३७५ किलोहर्ट्झने बोलतो. चिपचं घड्याळ एससीकेच्या चौपटीपेक्षा जास्त हवं, म्हणजे दीड मेगाहर्ट्झच्या वर. नवीकोरी ३२८पी ८ भागिले ८, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर येते, म्हणून नव्या चिपलाही बऱ्याचदा उत्तर येत नाही आणि लोक चिप परत करतात. तुम्ही टाकलेला सोल्डरचा थेंब तसाच ठेवा. वेग ८ किलोहर्ट्झवर उतरतो, लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो.

फर्मवेअर बदलायचंच असेल तर गंमत बघा: प्रोग्रॅमरमधली चिप लिहायला दुसरा प्रोग्रॅमर लागतो. विरजणाला विरजण. तुम्ही दुसरा प्रोग्रॅमर मागवला होतात ना, तो इथे कामी येईल. दुसऱ्या नंबरचा जम्पर त्यासाठीच असतो.

दुसरी चिप फेकू नका. सॉफ्टवेअरला ३२८पी ऐवजी एम३२८ सांगा, तोच प्रोग्रॅम चालेल. पी म्हणजे वीज वाचवणारी जात, तुमच्या डब्यात त्याने फरक पडत नाही.

तिसरीत हाय फ्यूजमधला आरएसटीडिसेबल हा बिट लागला असणार. त्यामुळे पहिला पाय रिसेट राहत नाही, साधा पाय होतो. रिसेट खाली धरल्याशिवाय प्रोग्रॅमरला आत शिरता येत नाही, म्हणून यूएसबीएएसपी, उनो, सगळे दाराबाहेर. त्यावर उपाय एकच, पहिल्या पायावर १२ व्होल्ट देऊन समांतर पद्धतीने लिहिणं. डझनभरापेक्षा जास्त तारा लागतात.

अंतिम_वर्ष · १६ मे, सकाळी ९:४०

ताई, मग बूटलोडर (सिरीयलवरून नवा प्रोग्रॅम घेणारा छोटा प्रोग्रॅम) टाकून ठेवला तर प्रोग्रॅमरच लागणार नाही ना? सिरीयलवरूनच सगळं.

पांझराकाठ · १६ मे, सकाळी ९:५८

प्रोग्रॅम बदलायला लागणार नाही. पण बूटलोडर पहिल्यांदा टाकायला लागतो, आणि बूटलोडरमधून फ्यूज बदलता येत नाहीत. पुन्हा विरजण.

केळीपट्टा · १६ मे, दुपारी १:३०

ताई, एक जुनी तक्रार विचारतो, कदाचित संबंध असेल. चारही डब्यांत कुणाच्या मोबाईलवरून आज्ञा घ्यायची ते नंबर ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाइट गेली तरी टिकणाऱ्या चिपमधल्या मेमरीत, ठेवलेत. महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या डब्यातले नंबर गायब होतात किंवा कचरा होतो. मग शेजारी म्हणतो, तुझ्या ऑटोने मला ओळखणं सोडलं. आमच्याकडे डीपीवर लोड वाढला की व्होल्टेज लोळतं, लाइट जाता-येता दहादा फडफडते.

पांझराकाठ · १६ मे, रात्री ९:३०

संबंध नुसता नाही, हाच खरा विषय आहे. घड्याळाइतकाच मोठा.

लाइट जाताना ५ व्होल्ट एकदम शून्य होत नाहीत, कपॅसिटरमुळे हळूहळू उतरतात. साडेचार, चार, तीन. त्या उतारावर चिप अजून जिवंत असते पण शुद्धीत नसते. प्रोग्रॅम भलतीकडे उडी मारतो आणि ईईप्रॉममध्ये लिहिण्याचा भाग चुकून चालतो, किंवा चालू असलेलं लिहिणं अर्धवट राहतं. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलंय आणि उपायही दिलाय: ब्राउनआउट डिटेक्टर चालू करा. व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेलं की तो चिपला रिसेटमध्ये धरून ठेवतो, शुद्ध हरपण्याआधीच झोपवतो.

हे एक्स्टेंडेड फ्यूजमध्ये असतं आणि कारखान्यातून बंद येतं. २.७ व्होल्टला एफडी, ४.३ ला एफसी. तुम्ही आता १६ मेगाहर्ट्झवर आलात. त्या वेगाला चिपला पावणेचारच्या वर व्होल्ट लागतात, म्हणून २.७ ची पातळी उपयोगाची नाही. एफसी ठेवा. फक्त तुमचा ५ व्होल्टचा पुरवठा खरंच ५ आहे ना ते रिले ओढलेला असताना मोजा. तो ४.४ वर लोळत असेल तर चिप दर पाच मिनिटांनी रिसेट होईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

दुसरं, दर वेळी नवा प्रोग्रॅम टाकताना चिप आधी पूर्ण पुसली जाते, ईईप्रॉमसकट. नंबर टिकवायचे असतील तर हाय फ्यूजमध्ये ईईसेव्ह ही एकच चौकट टिक करा, डी९ चा डी१ होतो. एकच! आणि टिक म्हणजे?

केळीपट्टा · १६ मे, रात्री ९:४१

टिक म्हणजे ०. वहीत खोडून लाल पेनाने लिहिलंय.

तारमास्तर · १७ मे, सकाळी ७:१५

घड्याळ तापण्याचं थोडं राहिलं. आतलं घड्याळ आरसीवर, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरवर, चालतं. कारखान्यात ते खोलीच्या तापमानाला जुळवतात, तेही फक्त १० टक्के इकडेतिकडे अशी हमी देऊन. सिरीयलवर एका अक्षराला दहा ठोके, पहिला स्टार्ट, शेवटचा स्टॉप. दोन्ही बाजूंचं घड्याळ पहिल्या ठोक्याला जुळतं, मग चूक साचत जाते. दोन टक्क्यांच्या आत असेल तर दहाव्या ठोक्यापर्यंत निभावतं, त्यापुढे अक्षरं बिघडायला लागतात. भर उन्हात पत्र्याच्या डब्यात चिप आणि मोड्यूलचं तोंड दोन दिशांना, म्हणून दुपारी अबोला आणि संध्याकाळी समेट. तेव्हा क्रिस्टलचा सल्ला बरोबर होता, पोहोचण्याचा रस्ता चुकला.

तिसरी चिप घेऊन रविवारी भुसावळला या. १२ व्होल्टवालं एक जुगाड मी करून ठेवलंय, भंगारातल्या रिकाम्या बोर्डावर. त्यात फ्यूज कारखान्यासारखे करता येतात. दीडशे-दोनशे रुपयांच्या चिपसाठी येऊ नका, पण येणार असाल तर जेवून जा. भरिताचा मोसम नाही, शेवभाजीवर भागवा.

सरळमार्गी · १७ मे, सकाळी ८:०२

मी तयार ऑटो घेतलेला माणूस. माझाही दुपारी मेसेज पाठवत नाही. कंपनीला फोन केला तर म्हणाले, सावलीत लावा.

बोरीकाठचा · १७ मे, सकाळी ८:१०

😄

केळीपट्टा · २४ मे, दुपारी ३:४०

खबर द्यायची राहिली होती. चारही डबे बदलले. लो एफएफ, हाय डी१, एक्स्टेंडेड एफसी. चुलतभावाच्या डब्यात पुरवठा ४.५ निघाला, ताईंनी सांगितलेलं आठवलं, रेग्युलेटरच्या आधीचा कपॅसिटर सुकला होता, बदलला. आठवडा झाला, रोज दुपारी दोन-अडीचलाही मेसेज येतो. आत्ताच आला: "लाइट आली, तिन्ही फेज ठीक". बाहेर ४४ आहे म्हणतात, मला तर जास्त वाटतं.

सरळमार्गी दादा, तुमच्या डब्यात कुठली चिप आहे ते झाकण काढून बघा. लाइट बंद करून.

काका, मागच्या रविवारी केळीची गाडी भरायची होती म्हणून यायला जमलं नाही. उद्या येतो. तिसरी चिप, गोलाणीकरांच्या सांगण्याप्रमाणे केलेला पाटा आणि एक घड घेऊन. घड कच्चा आहे, पिकत घालावा लागेल.

तारमास्तर · २४ मे, सायंकाळी ५:२०

घड चालेल. चिप स्पंजमध्ये खोचून आणू नका, साधा थर्माकोल तर अजिबात नको. घरातला भाकरी गुंडाळायचा चंदेरी कागद घ्या, त्यात गुंडाळा. आणि सकाळी लवकर निघा, अकरानंतर रस्त्यावर कुत्रं नसतं.